नाकासमोर

अँप घेतला देवळाली कॅम्पात,
बदली झालेल्या एका हवालदाराकडून:
बारा इंची स्पीकर, खोक्याला तीनच चाकं.
जेल रोडच्या आमच्या दोन खोल्यांत
तो फ्रीजशेजारी जमिनीवर बसला
आणि मी त्याच्या बाजूला उभा.
वाटायचं, सूर घोंगडीत गुंडाळून येतोय.
म्हणून ट्रेबल सातवर.
मग आठवर.
दिव्याखाली अंधार असतो हे ऐकून होतो,
स्वतःच्या आवाजाशेजारीही असतो, हे नव्हतं ठाऊक.
जे काय ऐकायचे ते माझे गुडघे.

समोर, अगदी समोर, तात्यांची खुर्ची.
एकतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये
यंत्राच्या कुशीत उभं राहून
कानांनी वरचे सूर तिथेच जमा केले;
पेन्शनीत त्यांचा हिशेब धरलेला नाही.
कुकरची शिट्टी गेली, रातकिडे गेले,
फोनची रिंग गेली ती तर बरंच झालं म्हणतात.
डोळे मिटून मान हलवायचे:
"मऊ वाजवतोस रे. साय आहे, साय."
मी फुगायचो.

आई आधी त्यांच्याच शेजारी बसायची, भाजी निवडत.
मग एक फरशी मागे.
मग भिंतीपाशी.
मग मोरीच्या उंबऱ्यावर, ताट मांडीवर घेऊन.
तिने कारण सांगितलं नाही
आणि मी विचारलं नाही;
धरून चाललो, हिला गिटार आवडत नाही.

भद्रकालीत मुदस्सरभाई फाटके शंकू चिकटवतात.
त्यांना म्हटलं, आवाज दबतो.
त्यांनी न बघताच विचारलं, "बसता कुठे?"
बसत नाही, उभा असतो.
"मग समोर कोण बसतं?"
डिंकाचं बोट फडक्याला पुसत म्हणाले,
"खर्ज पाहुण्यासारखा, घरभर फिरतो,
कोपऱ्यातल्यालाही विचारून येतो.
तिखट सूर नाकासमोर चालणारा.
वळायचं त्याला माहीत नाही.
जो वाटेत, त्याच्या कपाळात."

रात्री मी तात्यांच्या खुर्चीत बसलो.
हर्षलाला म्हटलं, हात फिरव, कसाही.
तिने फिरवला
आणि दाढेत चांदी भरलेली जागा आहे ना,
तिथे तारेचं टोक येऊन थांबलं.
पुन्हा, म्हटलं.
पुन्हा तिथेच.
चार महिने मी हे पाठवत होतो
आणि वर दाद घेत होतो.

पिंपळगावहून मावसभावाने
द्राक्षांच्या पेट्यांतला पांढरा फोम आणून दिला.
सहा थर चिकटवून कात्रीने मेदूवडा कापला:
जाळीएवढा गोल, मध्ये तीन इंचांचं भोक.
मला वाटलं होतं, मधलंच झाकायचं असेल.
उलटं निघालं. मधलं मोकळं सोडायचं,
कडेचा तिखटपणा फोमने प्यायचा,
मग उरलेला सूर दारातून आल्यासारखा पसरतो.
पहिलं भोक वाकडं झालं. दुसरंही जरा वाकडंच आहे.
पुढच्या बाजूखाली अर्धी वीट,
म्हणजे खोक्याचं तोंड वर, माझ्याकडे.
पहिल्यांदाच माझं वाजवणं माझ्या तोंडावर आलं.
हात आपोआप बटणाकडे गेला.
आठ. सहा. चार.
चारवरही जरा जास्तच होतं.

हे मी घरात कुणाला बोललो नाही.

गुरुवारी आई गवार घेऊन भिंतीपाशी बसली.
शनिवारी एक फरशी पुढे.
"इथे उजेड बरा आहे," म्हणाली.
ट्यूबलाइट त्याच जागी होती.
तात्या म्हणाले, "साय आहे, साय."
सातवरही हेच म्हणाले होते, आठवरही.

मग एक गाणं संपलं आणि दुसरं सुचेना
त्या मधल्या वेळात
आईने शेंगेचं टोक मोडलं.
कट्.
बारीक, वरचा, सरळ आलेला.
मी तात्यांकडे पाहिलं.
त्यांचे डोळे मिटलेले,
मान अजून मागच्याच गाण्यावर हलत होती.